पाहुण्याला सड्यावर पाठवण्याआधी : कोकण किनाऱ्यावरील निवासचालकांना खुले पत्र

प्रति,
दापोलीपासून मालवणपर्यंतच्या किनाऱ्यावरील रिसॉर्ट, हॉटेल आणि घरगुती निवासाचे सर्व चालक

विषय : पाहुण्यांना समुद्रकिनारे, कातळशिल्पे, लेणी आणि जलदुर्ग दाखवताना पाळावयाच्या जबाबदारीबाबत

सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे मुक्कामाला आलेला पाहुणा सामान खोलीत टाकतो, चहा घेतो आणि मग स्वागतकक्षाशी येऊन विचारतो, ‘इथे जवळपास बघण्यासारखं काय आहे?’ या प्रश्नाला आपण, आपला व्यवस्थापक किंवा स्वागतकक्षात बसलेला गावातलाच एखादा मुलगा जे उत्तर देतो, त्यावर पाहुण्याचे पुढचे दोन दिवस ठरतात. तो कोणत्या किनाऱ्यावर उतरणार, कोणत्या वेळी पाण्यात शिरणार, गाडी कुठवर नेणार आणि हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी दगडात कोरलेल्या चित्रावर पाय ठेवणार की त्याच्या कडेने चालणार, हे बहुतेक वेळा त्या दोन मिनिटांच्या बोलण्यातून ठरते. शासनाचे फलक किंवा माहितीपत्रके पाहुण्यापर्यंत पोहोचण्याआधी आपण पोहोचलेले असता. म्हणूनच हे पत्र कोणत्याही खात्याला न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

मी याच किनारपट्टीवर राहतो आणि सडे (जांभ्या दगडाची उघडी पठारे), लेणी, किल्ले पाहायला येणाऱ्यांना जमेल तशी सोबत करतो. पर्यटनावर आपली घरे चालतात, आंब्याचा हंगाम फसला तर हाच एक आधार उरतो, हे मला ठाऊक आहे. पाहुणे कमी यावेत असे मला मुळीच वाटत नाही. ते यावेत, चार दिवस जास्त राहावेत आणि जे पाहायला आले ते त्यांच्या नातवंडांनाही पाहता यावे, एवढ्यासाठीच हे लिहिणे आहे.

लिहिण्याची घाई अशासाठी की गर्दीचे स्वरूप आता बदलणार आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांतले सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तीन आपल्या पट्ट्यात येतात. त्याआधी, २०२२ मध्ये, कोकणातील कातळशिल्पांच्या नऊ ठिकाणांची नोंद युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाली होती. कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरूण आणि उक्षी ही रत्नागिरी जिल्ह्यातील सात ठिकाणे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसामळ अशी ती नऊ ठिकाणे आहेत. किल्ल्यांना निदान तट आहे, दरवाजा आहे, बहुतेक ठिकाणी पहारेकरी आणि कायद्याचे कवच आहे. सड्यावरच्या चित्रांना यांतले जवळजवळ काहीच नाही, त्यामुळे या पत्राचा मोठा भाग त्यांच्याविषयी आहे.

कातळशिल्प पहिल्यांदा पाहणाऱ्याची निराशा होते, हे आपल्यालाही अनुभवाने माहीत असेल. कशेळीच्या सड्यावर भर दुपारी गेलेल्या माणसाला काळपट जांभा, वाळलेले गवत आणि काही वेड्यावाकड्या रेघा एवढेच दिसते. तोच माणूस सकाळी ऊन तिरपे असताना गेला आणि कोणी त्याला कडेकडेने फिरवले, तर हळूहळू पायाची एक रेघ दिसू लागते, ती वर चढत पाठीला मिळते, पुढे सोंडेचे वळण लागते आणि आपण जवळपास अठरा मीटर लांबीच्या हत्तीच्या कडेला उभे आहोत हे त्याच्या लक्षात येते. मग नजर आत वळते आणि त्या हत्तीच्या देहात माशांची, पक्ष्यांची, चार पायांच्या प्राण्यांची दाटी दिसू लागते. या क्षणी भल्याभल्यांचे बोलणे थांबते. बारसूच्या सड्यावर दोन्ही बाजूंना वाघ आणि मध्ये उभा माणूस आहे. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळच्या कातळावर चौकोनी चौकटीत गुंतागुंतीची रेखाटणे आहेत. देवाचे गोठणे येथे आडव्या मानवाकृतीच्या परिसरात होकायंत्राची सुई भरकटते. रत्नागिरीजवळच्या देवूडला गेंडा कोरलेला आहे आणि आज या भूमीत गेंडा नाही. कोरणाऱ्याने तो पाहिला होता की त्याच्या आठवणीत तो वाडवडिलांकडून आला होता, हा प्रश्न घेऊन पाहुणा आपल्या जेवणाच्या टेबलावर परत आला, तर त्याची सहल सार्थकी लागली असे मी म्हणेन.

यांतली बहुतेक चित्रे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी निसर्गयात्री संस्थेच्या कामातून, गावोगावच्या जाणत्या माणसांना आणि गुराख्यांना विचारत, सडे पायाखाली घालून उजेडात आणली. आज अशा आकृत्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली आहे. त्या नेमक्या कधीच्या, याविषयी अभ्यास चालू आहे. त्यांतल्या जुन्या आकृत्या मध्याश्मयुगापर्यंत, म्हणजे सुमारे दहा-बारा हजार वर्षे मागे जात असाव्यात असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. ‘पांडवांनी एका रात्रीत कोरली’ ही गावातली समजूत आपण पाहुण्याला जरूर सांगावी, कारण तीही त्या जागेचा भाग आहे, पण ती समजूत म्हणून सांगावी आणि अभ्यासकांचे म्हणणे त्याच दमात सांगावे.

आता नुकसान कसे होते ते सांगतो, कारण ते बहुतेकदा अजाणतेपणी होते. जांभ्याचा वरचा थर लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी घट्ट झालेला असतो आणि त्याच्या खालचा दगड त्यामानाने मऊ असतो. चित्र त्या वरच्या थरात कोरलेले आहे. त्याची कड एकदा फुटली की आत पाणी शिरते आणि कोकणातला पाऊस काही हंगामांतच ती रेघ बोथट करून टाकतो. आपल्या पाहुण्यांची गाडी ‘थोडे चालणे वाचावे’ म्हणून थेट सड्यावर चढते, तेव्हा चाकाखाली नेमकी ही कड येते. फोटोत आकृती ठळक दिसावी म्हणून खडूने किंवा चुन्याने रेघा भरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना त्यात काही गैर वाटत नाही, उलट आपण चित्राला उजाळा दिला असे वाटते. किनाऱ्यावरच्या एका निवासाने तर मावळतीच्या मेजवानीसाठी सड्यावर शेकोटी पेटवली होती. तापलेल्या दगडाचे पापुद्रे सुटतात, आणि जिथे ती पेटली होती तिथून काही पावलांवरच एक आकृती होती. कोणी जाणून केलेले हे पाप नव्हते, पण त्या दगडाला जाणतेपणा आणि अजाणतेपणा यांतला फरक कळत नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की सड्यावरच्या ठिकाणाचा नकाशाचा दुवा पाहुण्याच्या मोबाइलवर पाठवून मोकळे होण्याची पद्धत आपण बंद करावी. पाहुणा सड्यावर गेलाच पाहिजे, पण गावातला माणूस सोबत घेऊन. गाडी डांबरी रस्त्यालाच थांबावी. गट दहा-बारा जणांच्या वर नसावा. आकृतीच्या आत कोणी उतरू नये, कडेने फिरावे, रेघांत पाणी ओतू नये, काही भरू नये आणि वाळलेल्या गवताच्या दिवसांत विडीकाडी पेटवू नये, कारण सड्यावरचा वणवा वाऱ्याबरोबर थेट बागांपर्यंत जातो. उक्षीच्या ग्रामस्थांनी त्यांच्या सड्यावरच्या हत्तीभोवती दगडी कुंपण घातले आणि वरून पाहण्यासाठी उंचवटा उभारला. शासनाची वाट पाहत न बसता एका गावाने हे करून दाखवले आहे. पाहुण्याला पहिल्यांदा कुठे न्यावे असे मला कोणी विचारले तर मी उक्षी सांगतो, कारण चित्राइतकीच तिथली गावाची काळजीही पाहण्यासारखी आहे.

वेळेचेही भान हवे. पावसाळ्यात सडा हिरवागार असतो, फुलांनी भरतो, खळग्यांत पाणी साचते आणि त्या वेळी चित्रे नीट दिसत नाहीत. तेव्हा सडा फुलांसाठी दाखवावा आणि चित्रांचे आश्वासन देऊ नये. दिवाळीनंतर गवत वाळून खाली बसते, ऊन कलते आणि रेघा उठून दिसू लागतात. दुपारी बारा ते चार कोणालाही तिथे पाठवू नका. सड्यावर सावलीला झाड नसते, दगड तापलेला असतो आणि डोक्यावरच्या उन्हात कोरीवकामाला सावलीच पडत नसल्याने दिसायचे ते दिसत नाही. ती दुपार पाहुण्याने आपल्याकडे सोलकढी पिऊन झोपण्यात घालवावी, यात आपलाही फायदा आहे.

दुसरी विनंती थोडी अवघड आहे आणि ती आपल्या बांधकामाविषयी आहे. गेल्या काही वर्षांत किनाऱ्यावर पारंपरिक धाटणीची घरे बांधण्याची पद्धत रुळली आहे. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या कापीव ठोकळ्यांच्या उघड्या भिंती, वर कौले, पुढे ओटी. मलाही ती सिमेंटच्या डब्यांपेक्षा शतपटीने आवडतात. परंतु तो चिरा सड्यावरच्या खाणीतून येतो. ताजा कापलेला जांभा मऊ असतो आणि वारा लागला की कठीण होतो, या गुणामुळेच कोकणची घरे पिढ्यान्‌पिढ्या त्यात उभी राहिली. पूर्वी कोयत्या-कुदळीने चार घरांपुरता निघणारा दगड आता यंत्राच्या पात्याने सपासप कापला जातो आणि एका हंगामात सड्याचा मोठा तुकडा खड्डा होऊन बसतो. त्या तुकड्यावर चित्र होते की नव्हते हे कोणी पाहिलेले नसते, कारण सर्वेक्षण सगळीकडे पोहोचलेले नाही आणि चित्रावर बहुधा माती व गवत असते. नवे बांधकाम काढताना चिरा कोणत्या खाणीतून येतो आणि ती जागा उघडण्यापूर्वी कोणी जाणकाराने पाहिली होती का, एवढे दोन प्रश्न आपण पुरवठादाराला विचारावेत. खरेदीदार विचारू लागला की खाणवाल्यालाही उत्तर शोधावे लागते. ज्या घराच्या भिंतीत एखादे न पाहिलेले चित्र कापून बसवलेले असेल, त्या घरातून पाहुण्याला कातळशिल्पे पाहायला पाठवणे कोणालाच शोभणारे नाही.

किल्ल्यांबाबत मला सांगायचे आहे ते गोष्टींविषयी. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत. नॉर्मन लॉकयर या शास्त्रज्ञाने १८६८ साली इथून सूर्यग्रहण पाहताना हेलियमचा शोध लावला, असे पाहुण्यांना सर्रास सांगितले जाते. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण भारतातून दिसले हे खरे, पण त्या वेळी गुंटूरहून निरीक्षण करणारा शास्त्रज्ञ फ्रान्सचा जान्सेन होता. लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्याने त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये तिथूनच सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट तपासला आणि त्यातल्या पिवळ्या रेषेचा पाठपुरावा करताना पृथ्वीवर तोवर न सापडलेल्या मूलद्रव्याची कल्पना मांडली. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीच्या प्रयोगशाळेत. त्यानंतर तीन वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकयर खरोखरच विजयदुर्गला आला, ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी मदतीला घेऊन त्याने इथे वेधाची उपकरणे मांडली आणि निरीक्षणे केली. म्हणजे ज्याने हेलियमची रेषा ओळखली तो माणूस या किल्ल्यावर उभा राहिला होता, हे सत्य आहे. ते सांगितले तर विजयदुर्गाचे महत्त्व तसूभरही कमी होत नाही, आणि पाहुण्यांमध्ये एखादा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक असला तर आपल्यावरचा त्याचा विश्वासही टिकतो. आपल्या इतिहासाला खोट्याचा टेकू लागत नाही, यावर माझा ठाम विश्वास आहे.

मालवणला हेच वेगळ्या रीतीने घडते. तिथे आलेला पाहुणा जलक्रीडा आणि समुद्रतळ पाहण्यासाठी धावत असतो. किनाऱ्यालगतचा मोरयाचा धोंडा त्याच्या वाटेवर असतो, पण त्याला तो कोणी दाखवत नाही. त्या खडकावर गणेश, सूर्य, चंद्र कोरलेले आहेत आणि १६६४ मध्ये सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा मुहूर्त तिथे झाला असे परंपरा सांगते. पाच मिनिटे तिथे थांबून समोर पाण्यात उभा असलेला तट पाहिला, की पुढची होडीची फेरी वेगळीच होते. या किल्ल्याभोवतीचे पाणी १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे. तरीही नांगर प्रवाळावर टाकले जातात आणि नवखी माणसे तोल सावरण्यासाठी प्रवाळावरच उभी राहतात. तिथला प्रत्येक होडीवाला आपल्या ओळखीचा असतो. जो नांगर जपून टाकतो आणि पाहुण्याला पाण्यात उतरण्यापूर्वी नीट समजावतो त्यालाच आपण पाहुणे द्यावेत. राष्ट्रीय संरक्षित स्मारकांबाबत १९५८ चा कायदा स्पष्ट आहे. स्मारक विद्रूप करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात, आणि स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे. तटावर नाव कोरणाऱ्या तरुणाला हे कोणी सांगितलेले नसते.

दापोली परिसरातल्या चालकांना एक वेगळी आठवण करून द्यावीशी वाटते. कर्दे, मुरूड, आंजर्ले या किनाऱ्यांवर दोन दिवस घालवून परतणाऱ्या बहुतेकांना पन्हाळेकाजी हे नावही माहीत नसते. कोटजाई नदीच्या काठी झाडीत २९ लेणी आहेत. बौद्ध भिक्षूंच्या साध्या विहारापासून सुरू होऊन वज्रयान या तांत्रिक बौद्ध पंथाच्या देवता, गणपती आणि शेवटी नाथसिद्धांच्या मूर्तींपर्यंत एकाच डोंगरकडेला जवळपास हजार वर्षांची श्रद्धा कशी बदलत गेली ते तिथे चालत चालत पाहता येते. अशी जागा किनाऱ्यापासून अर्ध्या दिवसात पाहून येण्याजोगी असताना आपले पाहुणे तिसऱ्या दिवशी ‘आता करायला काही नाही’ म्हणून लवकर निघतात, याचे मला वाईट वाटते.

आता किनाऱ्याकडे येतो. ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान रात्री पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर येते, खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि परत जाते. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले वर येतात आणि अंधारात जिकडे उजेड अधिक तिकडे चालू लागतात. निसर्गात तो उजेड समुद्राच्या बाजूचा असतो. आपल्या आवारातले प्रखर दिवे समुद्राकडे तोंड करून जळत असतील, तर पिल्ले पाण्याऐवजी आपल्या कुंपणाकडे येतात आणि सकाळपर्यंत कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडी पडतात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि ग्रामस्थांनी घरटी जपण्याचे काम उभे केले, पुढे आंजर्ल्यासह अनेक गावांनी ते उचलले आणि आज कासवे पाहायला येणारा पाहुणा त्या गावांतल्या घरांत पैसे देऊन राहतो. जिथे पूर्वी अंडी खणून नेली जात, तिथे हे घडले. ही अंडी सुरक्षित ठेवण्यासाठी आपल्याला फार काही करावे लागत नाही. हंगामात समुद्राकडचे दिवे रात्री बंद करावेत किंवा झाकून जमिनीकडे वळवावेत, पुळणीवर गाड्या आणि चारचाकी खेळणी फिरू देऊ नयेत, कारण त्यांच्या चाकोऱ्यांत बोटभर लांबीचे पिल्लू अडकते, आणि घरटे दिसले तर स्वतः हात न लावता गावातल्या कासवमित्राला कळवावे. किनारा ‘स्वच्छ’ दिसावा म्हणून मर्यादवेल उपटून टाकणारेही काही चालक आहेत. ती वेल वाळू धरून ठेवते. ती काढली की दोन-तीन पावसाळ्यांत सुरूची मुळे उघडी पडतात, मग आपणच धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठी अर्ज करतो, आणि बंधाऱ्याच्या दगडांवर कासवीण चढू शकत नाही.

पोहण्याबाबत मी थोडक्यात पण कळकळीने लिहितो. घाटावरून आलेल्या माणसाला समुद्र सगळीकडे सारखा वाटतो. गणपतीपुळ्यासारख्या उतरत्या किनाऱ्यावर पाणी काही पावलांत खोल होते आणि परत फिरणारा प्रवाह कमरेएवढ्या पाण्यातूनही माणसाला ओढून नेतो, हे त्याला माहीत नसते. बुडणारे बहुधा किनाऱ्याच्या दिशेने प्रवाहाविरुद्ध हात मारत दमतात. किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाच्या बाहेर पडावे आणि मग काठाकडे वळावे, हे एक वाक्य प्रत्येक पाहुण्याच्या कानावर पडले पाहिजे. भरती-ओहोटीच्या वेळा रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात. त्या रोज सकाळी स्वागतकक्षातल्या फळ्यावर लिहा, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असेल तर तसे लिहा, आणि दारू प्यायलेल्या माणसाला पाण्यात जाताना आपल्या माणसाने अडवावे अशी मुभा त्याला स्पष्टपणे द्या. पाहुणा रागावेल, पण जिवंत राहील. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्या मंडळींच्या दोरांमधून पाहुण्यांच्या जलस्कूटर फिरवू नका, एवढे मासळी विकत घेणाऱ्या माणसाला सांगावे लागू नये.

या सगळ्यात पैशाचा प्रश्न येतो आणि तो आडवळणाने मांडण्यात अर्थ नाही. कातळशिल्पे असलेले बरेच सडे खासगी किंवा सामाईक मालकीचे आहेत. सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावे असतात, त्यांतले निम्मे मुंबईत, आणि गावात उरलेल्या म्हाताऱ्याला त्या जमिनीतून वर्षाकाठी गवताच्या भाऱ्यांपलीकडे काही मिळत नाही. त्याच्याकडे खाणवाला रोख रक्कम घेऊन येतो. आपल्याकडचे पाहुणे त्याच जमिनीवर चालून, फोटो काढून, आपल्याला खोलीचे भाडे देऊन जातात आणि त्या म्हाताऱ्याला त्यातला एक रुपयाही दिसत नाही. मग त्याने चित्र का जपावे? केवळ वारशाच्या अभिमानावर किती वर्षे जपावे? माझे म्हणणे असे आहे की सड्यावरच्या प्रत्येक फेरीचे शुल्क आपण बिलात वेगळे दाखवावे आणि त्यातला ठरलेला वाटा जमीनमालकाला व उरलेला वाटाड्याला, दोघांनाही त्याच आठवड्यात मिळेल असे पाहावे. त्या पैशावर आपण नफा ठेवू नये. आपला नफा पाहुण्याच्या वाढलेल्या मुक्कामातून आपोआप येतो. ज्या दिवशी जमीनमालकाला सडा अखंड ठेवण्यातून दरवर्षी काही ना काही मिळू लागेल, त्या दिवशी खाणवाल्याशी बोलताना त्याच्या आवाजात बळ असेल. वाटाड्याचे कामही गावातल्या मुला-मुलींनाच द्यावे. त्यांना चित्रांची माहिती, पाहुण्याला नम्रपणे पण ठामपणे अडवण्याची रीत आणि प्रथमोपचार शिकवले पाहिजेत. अशा प्रशिक्षणाचा खर्च एका तालुक्यातल्या दहा-बारा चालकांनी वाटून घेतला तर तो कोणालाच जड जाणार नाही.

कोणी म्हणेल की हे काम पुरातत्त्व विभागाचे, वन विभागाचे, बंदर खात्याचे, ग्रामपंचायतीचे आहे. त्यांचे आहेच, आणि त्यांना स्वतंत्रपणे लिहिणे चालूच राहील. पण अधिसूचना निघेपर्यंत, कुंपणाचा निधी मंजूर होईपर्यंत आणि पहारेकरी नेमला जाईपर्यंत जितके हंगाम जातील, त्या प्रत्येक हंगामात पाहुणे मात्र आपल्याच दारातून सड्यावर आणि पुळणीवर जाणार आहेत. त्या मधल्या काळात सड्यावर लागू असलेला एकमेव नियम म्हणजे आपण पाहुण्याला सांगितलेला शब्द.

म्हणून माझी विनंती अशी आहे की येत्या दिवाळीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक तालुक्यातल्या चालकांनी एकदा एकत्र बसावे, आपल्या परिसरातल्या सड्यांवर वाटाड्याशिवाय कोणालाही पाठवायचे नाही असा ठराव करावा, जमीनमालकांना त्या बैठकीला बोलावून त्यांच्याशी वाटा ठरवावा आणि समुद्राकडच्या दिव्यांचा विषय त्याच बैठकीत निकाली काढावा. राजापूर आणि रत्नागिरी तालुक्यांत अशी बैठक ठरली तर सड्यावर प्रत्यक्ष चालून दाखवायला आणि वाटाड्यांच्या पहिल्या तुकडीला शिकवायला मी कोणतेही मानधन न घेता येईन. बैठक सकाळी लवकर ठेवावी, म्हणजे ऊन चढण्यापूर्वी सर्वांना सड्यावर जाऊन येता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक रहिवासी